चालत्या यंत्राचा कौल

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण सरकवलं आणि स्वरूप घागच्या तोंडून 'शिव शिव' बाहेर पडलं. जन्मभर या देवळात त्याने हा शब्द भक्तीने उच्चारला होता. आज तो किळसेने आला.

आतला पंखा फिरत नव्हता, कारण त्याच्या पात्यांत एक पाल अडकून वाळली होती. पालीच्या पाठीवर हळद होती. हळद, कुंकू, नारळाचं पाणी आणि उदबत्तीची काजळी यांचा मिळून एक काळपट, चिकट लगदा झाला होता, आणि तो सगळ्या पट्ट्यांवर असा बसला होता की खालची सर्किटची हिरवी पाटी ओळखू येऊ नये. जाळीतून आत टाकलेल्या अक्षता होत्या. दर दसऱ्याच्या पूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, कुजून मग वाळलेल्या. झुरळांच्या लेंड्या होत्या. आणि कोपऱ्यात, देवाच्या वातींचा कापूस पळवून, उंदरीणबाईंनी आपलं बाळंतपण उरकलं होतं. त्या गादीत बुरशी आलेला पेढ्याचा तुकडाही होता, कुणीतरी बारशाला आणल्यासारखा. वास म्हणाल तर खवट खोबरेल आणि उंदराचं मूत. हे सगळं कुठे, तर देवाच्या गाभाऱ्याच्या भिंतीला लागून.

"स्वरूपदादा, होईल ना?" दारातून श्रद्धाने विचारलं. तिने पदराने नाक दाबलं होतं.

"बघूया गो," तो म्हणाला. आणि त्याने ब्रश उचलला.

कोंडतळे हे खाडीकाठचं गाव. ग्रामदैवत कोंडेश्वर. देवळाच्या भांडारखोलीत तेलाचे डबे, समया, पालखीचे दांडे आणि त्यांच्यामध्ये हा कॉम्प्युटर. पावत्या फाडायला घेतला असं गावकरी म्हणत, पण त्याचं खरं धन वेगळं होतं. त्यात चिमाक्काची कीर्तनं होती.

चिमाक्का म्हणजे या गावाचं कीर्तन. नऊवारी कासोटा, हातात झांजा, गळ्यात तुळशीची माळ, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्याच्याही पाठीचा कणा ताठ व्हावा. नामसप्ताहाची सांगता तिच्याच कीर्तनाने व्हायची. आधी अभंगाचं निरूपण, मग बुक्का लावून घेऊन कथा. त्या कथांतली तिची स्वतःची, तिनेच रचलेली, एक होती होडीची. देवाला पलीकडच्या काठावर एका भक्ताच्या घरी जायचं असतं, नावाडी त्याला ओळखत नाही आणि पार नेण्याची उतराई मागतो. देव म्हणतो, माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही. त्यावर नावाडी जे बोलतो, तिथे सगळा मंडप रडायचा. स्वरूपही लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. चिमाक्काने यातलं अक्षरही कधी लिहून ठेवलं नाही. विचारलं तर म्हणायची, "अरे, भाकर ताटात वाढतात, भिंतीवर लिहीत नाहीत."

तिची सगळी कीर्तनं जुन्या कॅसेटींवर होती. देवस्थान समितीने ती रत्नागिरीत नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, हे चांगलंच केलं. मग प्रश्न पडला, उतरवून झालेल्या कॅसेटींचं काय करायचं? देवाचं नाव असलेली वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची? तेव्हा त्यांनी एक सुपारी ठेवली, नारळ वाढवला आणि ढोलताशांच्या गजरात सगळ्या कॅसेटी खाडीत सोडल्या. गणपती सोडतात तशा. स्वरूप तेव्हा लोट्याच्या कारखान्यात कामावर होता. त्याला कळलं तेव्हा भरतीने त्यातल्या निम्म्या फिती काठावरच्या तिवरांत अडकवून ठेवल्या होत्या, काळ्या आतड्यांसारख्या लोंबणाऱ्या.

लोट्याच्या रसायनांच्या कारखान्यात स्वरूपचं काम होतं देखभालीचं नियोजन. कुठला पंप कधी थांबवायचा, कुठला कॉम्प्युटर कधी उघडायचा, कुठल्या माहितीची दुसरी प्रत कुठे ठेवायची. म्हणून त्याने गावासाठीही एक आराखडा केला. फार काही नाही. दर आठवड्याला धूळ पुसायची आणि नवीन काही असेल तर वेगळ्या डिस्कवर उतरवायचं. दर तीन महिन्यांनी झाकण उघडून ब्रशने झाडायचं, आतली प्रणाली अद्ययावत करायची, व्हायरस शोधायचा. वर्षातून एकदा हार्ड डिस्कची, म्हणजे आतल्या तबकडीची, तब्येत तपासायची. आणि कीर्तनांची एक प्रत देवळाबाहेर, कुणाच्या तरी घरी, कोरड्या कपाटात.

समितीचे अध्यक्ष बाळाकाका पेजे. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, बोलताना दर वाक्याला देव. त्यांनी आराखड्याचा कागद हातात घेतला तो उलटा आणि परत दिला तोही उलटा.

"चालतंय ना?" ते म्हणाले.

"चालतंय काका."

"मग? चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस?"

"काका, बंद पडल्यावर करतात ती दुरुस्ती. चालू असताना करतात ती निगा. आमच्याकडे पंप चालतोय म्हणूनच ठरल्या दिवशी थांबवतात."

"तुमच्या लोट्यात काय ती रसायनं उकळतात बाबा. हितं देवाची कीर्तनं हायत. ती काय नासतात होय?"

पण खरी अडचण निराळीच होती. दुसरी प्रत कुणाच्या घरी ठेवायची? वरच्या वाडीत ठेवली तर खालच्या वाडीचा मान जातो आणि खालच्या वाडीत ठेवली तर वरच्या वाडीचा. पालखी आधी कुणाच्या अंगणात थांबायची यावरून ज्या दोन वाड्यांनी एकमेकींत सोयरीक बंद केली होती, त्यांना आता भांडायला एवढीशी डिस्क पुरली. भांडण वाढलं तेव्हा बाळाकाकांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवालाच विचारू."

कोकणातल्या माणसाला कौल काय ते सांगायला नको. पण कुणी घाटावरचा वाचत असेल तर सांगतो. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, ओल्या कळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी कळी आधी पडली तर देवाची आज्ञा झाली. डावी पडली तर नाही. प्रत कुणाकडे ठेवायची हे बाजूलाच राहिलं; यंत्राला हात लावावा का, एवढंच देवाला विचारलं गेलं. स्वरूप त्या दिवशी पाळीवर होता. त्याला निरोप आला, "देव नको म्हणतो."

स्वरूप कौल मानणारा माणूस. त्याच्या वडिलांनी त्याच्या नोकरीचा, बहिणीच्या लग्नाचा, विहिरीच्या जागेचा कौल इथेच घेतला होता. देव नको म्हणाला म्हणजे नको. त्याने आराखडा घडी घालून ठेवून दिला आणि लोट्याची बस पकडली.

त्यानंतर यंत्राची निगा झाली ती फक्त दसऱ्याला. हळद-कुंकू, झेंडूची माळ, वर नारळ फोडून त्याच्या पाण्याचा शिपका. बाकीचं वर्षभर भजनमंडळाची पोरं त्यात आपापले पेन ड्राइव्ह खुपसत, मिरवणुकीची गाणी भरत. बाळाकाकांनी पुतण्याच्या लग्नाचं सगळं चित्रण, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत, त्यातच ठेवलं होतं, कारण घरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती.

मग चिमाक्काला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज तेवढी शाबूत राहिली. तिची नात श्रद्धा, रत्नागिरीच्या शाळेत गाणं शिकवणारी, हिने ठरवलं की यंदाच्या सप्ताहाची सांगता आपण करायची आणि आजीचं होडीचं आख्यान आपण लावायचं. आजी शिकवू शकत नव्हती. आजीचा आवाज शिकवणार होता. श्रद्धा सप्ताहाच्या आधी रजा घेऊन गावी आली, भांडारखोलीत गेली, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आतून खवट वास आला तेवढा. तेव्हा तिने स्वरूपला फोन केला, आणि म्हणून तो आज नाकाला रुमाल बांधून या उकिरड्यासमोर बसला होता.

ब्रशने, जुन्या टूथब्रशने, कापडाने तो एकेक थर काढत गेला. सुपलीत घाण जमत होती. तबकडी बाहेर काढली तर तिच्या कडेला खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गंज चढला होता.

तेवढ्यात बाळाकाका आले. उंबऱ्यावरच थबकले.

"उघडलंस?"

"उघडलं."

"कौल न लावता? देवाने नाय म्हटलेलं असताना? अरे, शिकलास म्हणजे काय देवापेक्षा मोठा झालास काय रे?"

"काका, आधी हे बघा." स्वरूपने सुपली पुढे केली.

बाळाकाकांनी मान फिरवली. "शी! ते काय दाखवतोस? गंगारामा! ए गंगारामा! आधी पाणी आण, देवाला गाऱ्हाणं घाल, कौल लावून घेऊया. देव म्हणेल तर पुढं."

गंगाराम गुरव हातातला तांब्या घेऊन आला. वयस्क, वाकलेला, पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या जवळ राहून देवाशी घरच्यासारखं बोलणारा. त्याने सुपलीत बघितलं आणि त्याच्या तोंडाला उलटीची चव आली असावी, कारण तो बाहेर जाऊन थुंकून आला.

"गंगारामदादा," स्वरूप म्हणाला, "सकाळी तू गाभारा झाडतोस. कौल लावून झाडतोस काय?"

"झाडायला कसला कौल मेल्या?"

"आणि कालचं निर्माल्य काढतोस ते?"

"ते नाय काढलं तर देवाच्या अंगाला किडे होतील."

"मग हे काय आहे?"

गंगाराम सुपलीतल्या काळ्या पाकळ्यांकडे बघत राहिला. बाळाकाका पुढे सरसावले. "वाद नको. देवाने एकदा सांगितलं ना, नको म्हणून? डावा पडला होता. आम्ही सगळे होतो."

"काका," गंगाराम हळूच म्हणाला, "पहिला उजवाच पडलेला."

श्रद्धाने नाकावरचा पदर खाली केला.

"काय म्हणालास?" स्वरूपने विचारलं.

"पहिली कळी उजवी पडली. सगळ्यांनी बघितली. काका म्हणाले, कळी नीट बसली नव्हती, परत लाव. परत लावली. परत उजवी. काका म्हणाले, वाऱ्याने पडली, दार लाव. दार लावून परत लावली. मग पडली डावी." त्याने तांब्या खाली ठेवला. "मला बोलायला हवं होतं. पण दोन्ही वाड्यांना तेच हवं होतं. मी कुणाला सांगू? देव त्या दिवशी कंटाळला असणार."

बाळाकाकांचं गंध घामाने पसरलं होतं. "तसं नाय ते. गावात भांडण नको म्हणून. देवाला भांडण आवडत नाय. मी गावाचं भलंच बघितलं."

स्वरूपने सुपली खाली ठेवली. पाल, लेंड्या, उंदराचं मूत हे सगळं त्याला एकाएकी स्वच्छ वाटायला लागलं. पाल पोटासाठी आली होती. उंदरीण पिलांसाठी आली होती. त्यांनी कुणी देवाला तीन-तीनदा विचारून त्याचं बोलणं फिरवलं नव्हतं. त्याला आठवलं, चिमाक्का निरूपणात म्हणायची की देवाला फसवणारा माणूस नसतोच, कारण देव फसत नाही. फसतो तो देवाच्या आडोशाला बसलेला माणूस. तेव्हा हे ऐकून मंडप टाळ्या वाजवायचा. पहिल्या रांगेत बसून बाळाकाकाच सगळ्यात जोरात वाजवायचे.

"तुम्ही बाहेर व्हा काका," तो म्हणाला. "मला काम करू द्या."

तबकडी स्वरूपने आपल्या लॅपटॉपला जोडली. ती आतून टक्‌ टक्‌ करायला लागली. आवाज त्याला चांगला ओळखीचा होता. कारखान्यात असा आवाज येण्याआधीच तबकडी बदलतात. नावं दिसू लागली. लग्नाचं चित्रण पहिलंच, धडधाकट, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत एकही ओरखडा नाही. मिरवणुकीची गाणी धडधाकट. कीर्तनांच्या फोल्डरला हात लावला की टक्‌ टक्‌ वाढे आणि पडदा गोठे. तो थांबे, तबकडीला विसावा देई, देवाचं नाव घेई, पुन्हा लावी. दिवसभर हेच चाललं. श्रद्धा जेवली नाही. गंगारामाने चहा आणला तो निवून गेला.

संध्याकाळच्या आरतीच्या आधी होडीचं आख्यान उतरलं. सगळं नव्हे. निरूपण आलं, बुक्का लावतानाचा गजर आला, कथा सुरू झाली. खोलीभर तो जुना आवाज भरला. देव काठावर उभा राहतो. नावाडी विचारतो, "काय देशील?" देव म्हणतो, "माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही." मग नावाडी वल्हं खाली ठेवतो, आणि...

आणि खरखर. खरखर, मग शुकशुकाट, मग शेवटची आरती.

स्वरूपने पुन्हा लावलं. मग पुन्हा. तबकडीवर जिथे खरूज धरली होती, तिथेच ते वाक्य होतं. रत्नागिरीत त्याच्या ओळखीचा एक दुरुस्ती करणारा होता, त्याला फोन केला. तोही आवाज ऐकून म्हणाला, आता नवसाने काही निघालं तर.

"दादा, तुला आठवतं ते?" श्रद्धाने विचारलं.

स्वरूपने आठवून बघितलं. आईची मांडी आठवली, तिच्या लुगड्याचा वास आठवला, आपलं रडणं आठवलं. वाक्य आठवलं नाही.

सप्ताहाच्या सांगतेला मंडप भरला. मुंबईचे चाकरमानी आले होते, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून आलेले गावाचे जावई होते. चिमाक्काला खुर्चीत बसवून खांबाजवळ आणलं होतं. बाळाकाका पहिल्या रांगेत, गळ्यात उपरणं, पाहुण्यांना हाताने बसायच्या जागा दाखवत. दुपारी त्यांनी श्रद्धाला बाजूला घेऊन सुचवलं होतं, "दुसरी एखादी कथा लाव गो. लोकांना काय, देवाचं नाव झालं म्हणजे झालं." श्रद्धा टाळ पुसत राहिली होती.

ती उभी राहिली. आवाज आजीचाच, जरा कोवळा. निरूपण चढत गेलं. टाळ घुमले. होडीची कथा सुरू झाली तेव्हा मागच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावायला सुरुवातही केली, इतकी त्यांना त्या जागेची सवय होती. देव काठावर आला. नावाड्याने उतराई विचारली. देव म्हणाला, माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही. नावाड्याने वल्हं खाली ठेवलं.

आणि श्रद्धा थांबली.

मृदंगवाल्याने दोन मात्रा जास्तीच्या वाजवल्या, मग तोही थांबला.

"पुढचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "आजीचं वाक्य देवळाच्या यंत्रात होतं. यंत्राला कुणी झाडलं नाही. ते तिथेच कुजलं. तुम्ही एवढी वर्षं ऐकलंत. कुणाला आठवत असेल तर सांगा, मी पुढे जाते."

मंडपात चुळबुळ झाली. मग हौसामावशी, चिमाक्काच्या वयाची, म्हणाली, "अगो, नावाडी म्हणतो, नाय दिलंस तरी चालेल, बस होडीत."

सगळ्यांनी चिमाक्काकडे बघितलं. चिमाक्काने मान हलवली. नाही.

"तसं नाय, तो म्हणतो मला तुजं दर्शनच पुरे," वरच्या वाडीतून कुणीतरी.

चिमाक्काची मान हलली. नाही.

"हॅ! दर्शन कसलं, त्याने ओळखलेलाच नाय ना! तो म्हणतो, देवा, तुज्याकडे नसेल तर माज्याकडचं ने." हे खालच्या वाडीतून.

"तुला काय ठाऊक? तू झोपलेला असायचास!"

"आणि तू चपला सांभाळत बसायचास!"

हसू फुटलं. मग भांडण. दोन वाड्यांची दोन वाक्यं झाली, मग चार. जो तो आपलंच खरं म्हणू लागला, आणि दर वाक्याला चिमाक्का मान हलवत होती, नाही, नाही, आणि तिच्याकडे आता कुणी बघतही नव्हतं. स्वरूप खांबाला टेकून उभा होता. ज्या जागी गाव वर्षानुवर्षं रडलं, ती जागा गावाला माहीत नव्हती. रडलं फक्त. तोही. त्याला स्वतःचीही किळस आली.

अखेर बाळाकाका उठले. दोन्ही हात वर करून त्यांनी मंडप शांत केला, डोळे मिटले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "मंडळी, भांडू नका. देवाच्या मनात तेवढंच होतं. देवाची इच्छा. बोला, कोंडेश्वर महाराज की..."

जय कुणी म्हणायच्या आत खुर्ची करकरली. चिमाक्का मान हलवत होती. आधीसारखी हळू नव्हे. एवढ्या जोरात की डोक्यावरचा पदर मानेवर आला, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळली, आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला. नाही. नाही. नाही. श्रद्धा टाळ टाकून धावली, तिने आजीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तरी ते हलतच राहिलं.

बाळाकाकांचे हात वरच होते. 'जय' म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.